पत्र्यावरचे दगड आधी उतरवा

२१ मार्च २०२४. सकाळचे सहा वाजून आठ मिनिटं. हिंगोली, नांदेड आणि परभणी जिल्ह्यांतली गावं नुकती जागी होत होती. आधी जमिनीच्या पोटातून गडगडल्यासारखा आवाज आला, मग छपराचे पत्रे थडथडले आणि मांडणीवरची भांडी वाजली. ४.५ तीव्रतेचा धक्का होता. लोक बाहेर येऊन एकमेकांना विचारत होते तोवर अकरा मिनिटं झाली आणि ३.६चा दुसरा धक्का बसला. मोठी हानी झाली नाही. त्या दिवशी प्रशासनाने लोकांना ज्या सूचना केल्या, त्यांत एक अगदी साधी होती. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड काढून घ्यावेत.

लहान भूकंपाबद्दल इतकी नेमकी सूचना मी क्वचितच वाचली आहे. चार-साडेचारचा धक्का धडधाकट घर पाडत नाही. जमीन दुभंगत नाही, माणसं गडप होत नाहीत. धोका असतो तो आपणच आपल्या डोक्यावर रचून ठेवलेल्या गोष्टींचा. पत्र्यावरचे दगड, कपाटावरची ट्रंक, माळ्यावरचा पितळी हंडा, गच्चीच्या कडेला नुसत्या मांडलेल्या विटा, कठड्यावरच्या कुंड्या. म्हणून या लेखाची सुरुवातही तिथूनच करू या.

दगड उतरवा म्हणणं सोपं आहे, पण मे महिन्यातली वावटळ आली की पत्रा उडतो हेही खरंच आहे. उडालेला पत्रा भूकंपाइतकाच घातक असतो. म्हणून दगड काढायचे ते पत्रे नीट बांधूनच. पत्र्याखाली लोखंडी पाइप किंवा लाकडी वासे असतील, तर हुकाचे बोल्ट घालून पत्रा त्यांना आवळता येतो. गावात पत्रे बसवणाऱ्या कुणालाही ते माहीत असतात, आणि वॉशर घातला तर पाणीही गळत नाही. तेवढेही पैसे हाताशी नसतील तर जाड तारेने पत्रा वाशाला बांधा. तेही आज शक्य नसेल, तर निदान दाराच्या वरचे आणि झोपायच्या जागेवरचे दगड आजच खाली घ्या. भूकंपात माणूस दाराकडे धावतो आणि दगड घसरतो तोही तिथेच, पत्र्याच्या उताराकडे.

आपल्याकडे कसे काय?

‘आमच्या भागात भूकंप होत नाहीत’ हे वाक्य महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ऐकू येतं. कोयनेच्या परिसरातले लोक मात्र ते म्हणत नाहीत. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपापासून त्या भागाला जमिनीची ओळख आहे, आणि तिथे लहान धक्के आजही बसतात. पण मराठवाड्यात १९९३पर्यंत भूकंपाचा विचार कुणाच्या मनात नव्हता. देशाच्या त्या वेळच्या भूकंपप्रवण नकाशात किल्लारीचा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन एकमध्ये होता. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्याच दिवशी, तिथे ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. पुढे २००२ साली नकाशा सुधारला, तेव्हा झोन एक हा प्रकारच काढून टाकला. भूकंप होणारच नाही असं म्हणता येईल अशी जागा या देशात नाही, हे त्या दुरुस्तीत कबूल केलेलं आहे.

कारण समजून घ्यायला फार शास्त्र लागत नाही. भारताचा भूभाग वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर या गतीने उत्तरेकडे सरकतो आणि आशियाला ढकलतो. मोठे भूकंप होतात ते हिमालयात, टकरीच्या जागी. पण दाब फक्त कडेला राहत नाही, साऱ्या द्वीपकल्पाच्या खडकात तो भरलेला असतो. दख्खनच्या काळ्या पाषाणाखाली फार जुने खडक आहेत आणि त्यांत जुन्या भेगा आहेत. एखादी भेग थोडीशी सरकली की वर आपली भांडी वाजतात. किल्लारीला खोल विंधन केलं तेव्हा काळ्या पाषाणाचा थर जेमतेम ३४० मीटरच्या आसपास निघाला आणि त्याखाली तो जुना खडक लागला. वरून सपाट, शांत, ज्वारीचं रान दिसणारी जमीन आत काय घेऊन बसली आहे, हे वरून कळत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी हे गाव त्यामुळे राज्यभर माहीत झालं. एकच मोठा धक्का आणि मग शांतता, असं तिथे झालं नाही. शेकडो लहान धक्के, कधी दिवसाला अनेक, असा तो प्रकार. शास्त्रज्ञ त्याला भूकंपांचा थवा म्हणतात. पावसाचं पाणी भेगांतून खोल झिरपतं, तिथला दाब बदलतं आणि आधीच ताणलेली भेग सरकते, असं एक स्पष्टीकरण अशा मालिकांबद्दल दिलं जातं. नांदेड शहरानेही २००७-०८च्या सुमारास असे आवाज आणि धक्के अनुभवले होते. पुढे ते थांबले.

परदेशातल्या मराठी वाचकांनाही यात आपलं काही सापडेल. हिंगोलीच्या धक्क्यानंतर दोनच आठवड्यांनी, ५ एप्रिल २०२४ला, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात ४.८चा भूकंप झाला. तिथे मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने राहतात. भूकंप म्हणजे कॅलिफोर्निया, असं मानणाऱ्या त्या भागात सकाळी साडेदहाच्या सुमारास घरं हलली आणि शेकडो किलोमीटरवरच्या लोकांनाही ते जाणवलं. कारण तिथलाही खडक जुना आहे. जुना, थंड, कठीण खडक लाटा विझू देत नाही, त्या दूरवर जातात. म्हणूनच अशा भागात लहान भूकंपसुद्धा अनेक जिल्ह्यांत कळतो आणि प्रत्येकाला वाटतं की तो आपल्याच पायाखाली झाला.

ती दहा सेकंदं

१ फेब्रुवारी २०१९ला डहाणू-तलासरी भागात एकामागून एक धक्के बसले. त्यांतला सर्वांत मोठा ४.१चा होता. त्या दिवशी दोन वर्षांची एक मुलगी गेली. तिच्यावर घर पडलं नव्हतं. घरातले घाबरून बाहेर धावले, त्या धावपळीत ती पडली आणि डोक्याला मार लागला. त्या आईबापांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. आठवड्यामागून आठवडे जमीन हलत असताना माणूस धावणारच. पण धावणं कधी योग्य आणि कधी अयोग्य, हे आधीच ठरवून ठेवणं आपल्या हातात आहे.

पुस्तकी सल्ला असा असतो: खाली बसा, टेबलाखाली शिरा, टेबल घट्ट धरा. हा सल्ला सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत राहणाऱ्यांसाठी बरोबर आहे. नांदेड, लातूर, वसई-विरार किंवा डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असाल तर बाहेर पळू नका. लहान भूकंपाचा मुख्य हादरा बहुधा दहा-पंधरा सेकंदांत संपतो. तेवढ्या वेळात तुम्ही फार तर जिन्यापर्यंत पोचता, आणि हलणाऱ्या जिन्यावर पाय घसरून मोठी दुखापत होऊ शकते. टेबल नसेल तर आतल्या भिंतीला, खिडकी आणि कपाट सोडून, गुडघ्यांवर बसा आणि दोन्ही हातांनी मान-डोकं झाका. अंथरुणावर असाल तर तिथेच उशी डोक्यावर धरा. लिफ्ट वापरू नका. गॅलरीतून उडी तर मुळीच मारू नका.

दगडमातीच्या, जड छपराच्या घरात राहणाऱ्यांसाठी मात्र हाच सल्ला जसाच्या तसा लागू नाही. घर एकमजली आहे, दार दोन-तीन पावलांवर आहे आणि बाहेर मोकळं अंगण आहे, तर बाहेर पडणंच बरं. बाहेर अरुंद बोळ असेल आणि दोन्ही बाजूंना उंच दगडी भिंती असतील, तर तिथे उभं राहण्यापेक्षा घरातल्या भक्कम लाकडी पलंगाशेजारी खाली बसणं अधिक सुरक्षित. चौकटीत उभं राहा असं पूर्वी सांगत. जुन्या घरांच्या चौकटीवर भिंतीचं ओझं असतं, त्यामुळे तो सल्ला आता देत नाहीत.

आणि पळायचंच असेल तर लेकरू कुणी उचलायचं हे आज ठरवा. आजी कुणाच्या हाताला धरून येईल, हेही ठरवा. संध्याकाळी जेवायला बसल्यावर पाच मिनिटं यावर बोलून घ्या. झोपताना चप्पल आणि बॅटरी उशाशी ठेवा. अंधारात अनवाणी धावणाऱ्याच्या पायाला काच, खिळा नाही तर उंबरा लागतोच. दाराचा अडसर किंवा कडी सहज निघते ना, ते एकदा डोळे मिटून काढून बघा.

स्वयंपाक चालू असेल तर हादरा थांबल्यावर पहिलं काम शेगडी बंद करायचं आणि सिलिंडरचा रेग्युलेटर फिरवायचा. हादरा चालू असताना हात पोचत असेल तरच बटण बंद करा, त्यासाठी चुलीकडे धावू नका. विहिरीत उतरलेला माणूस असेल तर त्याने पहिल्या धक्क्यानंतर वर यावं आणि त्या दिवशी पुन्हा उतरू नये. जुन्या विहिरीच्या कडेचे दगड कधी निखळतील सांगता येत नाही. जनावरं गोठ्यात बांधलेली असतील आणि गोठ्याला दगडी भिंत असेल, तर पुढचे काही दिवस त्यांना रात्री बाहेर बांधा.

धक्का बसण्याआधी जो गडगडाट ऐकू येतो, त्याची अनेकांना सर्वांत जास्त भीती वाटते. हिंगोली जिल्ह्यात वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसराने असे भूगर्भातले आवाज वर्षानुवर्षे ऐकले आहेत. भूकंप उथळ असला की त्याच्या पहिल्या, वेगवान लाटा जमिनीतून हवेत आवाज बनून येतात. हादरा देणाऱ्या लाटा थोड्या मंद असतात, त्या मागून पोचतात. म्हणजे तो आवाज तुम्हाला मिळालेली एखाद-दोन सेकंदांची सूचना आहे. आवाज आला की डोकं झाका. अँड्रॉइड फोनवरही २०२३पासून भारतात भूकंपाचा इशारा मिळतो. पण तो साधारण ४.५च्या पुढच्या धक्क्यांसाठी आहे, आणि केंद्राच्या अगदी जवळच्या गावाला तो वेळेवर मिळेल याचा भरवसा धरू नये.

शाळेबद्दल एवढंच. मुलांनी बाकाखाली शिरायचं, हादरा थांबला की रांगेने मैदानात जायचं, दप्तरं तिथेच सोडायची. कौलारू वर्ग असेल तर हे बाकाखाली शिरणं फार महत्त्वाचं, कारण आधी कौलं घसरतात. मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा हे प्रत्यक्ष करून घ्यावं. फलकावर लिहून मुलांच्या अंगवळणी पडत नाही.

घर काय सांगतंय ते बघा

धक्का ओसरला, लोक अंगणात जमले, फोनवर बातमी आली. आता जे पुढचे दोन-चार दिवस असतात, ते माझ्या मते सर्वांत मोलाचे. लहान भूकंप म्हणजे तुमच्या घराची फुकटात झालेली परीक्षा आहे. कुठे कच्चं आहे ते घराने दाखवून दिलेलं असतं. पाहणारा हवा.

सकाळच्या उजेडात घराभोवती एक फेरी मारा. गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक रेषा बहुतेक वेळा गिलाव्यापुरत्याच असतात. काळजी करायची ती वेगळ्या भेगांची. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी विटांमधून चढत गेलेली भेग. दोन भिंती जिथे भेटतात त्या कोपऱ्यात उभी पडलेली फट. भिंत आणि छप्पर यांच्यामध्ये नव्याने दिसणारा प्रकाश. काँक्रीटच्या खांबावर, विशेषतः खांबाच्या वरच्या आणि खालच्या टोकाला, पडलेला तडा. आणि दगडी भिंतीला आलेलं पोट. भिंतीला लांबून नजर लावून पाहा, किंवा दोरीला दगड बांधून ओळंबा सोडा. मधे फुगलेली भिंत दिसली तर त्या खोलीत झोपणं त्याच दिवसापासून बंद करा.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने चिकटवून ठेवली तर आणखी चांगलं. भेग वाढली की पट्टी तडकते. काळ्या मातीच्या रानात बांधलेल्या घरांना हे फार उपयोगी आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भूकंप न होताही दरवर्षी घराला भेगा पाडते. त्यामुळे मराठवाड्यात धक्क्यानंतर प्रत्येक जुनी भेग नवी वाटू लागते, आणि खरी नवी भेग त्या गर्दीत हरवते. आजच, काहीही झालेलं नसताना, घराच्या चारही भिंतींचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. उद्या तुलना करायला तोच एक खरा पुरावा असेल.

माळवदाच्या घरांबद्दल थोडं सविस्तर सांगावंसं वाटतं, कारण किल्लारीत माणसं मारली ती या घरांनी. माळवद उन्हाळ्यात थंड असतं, त्याची माया कुणाला नाही? पण त्याची रचना पाहा. बाहेर एक दगडी पाख, आत दुसरी, मधे दगडांचे तुकडे आणि माती, जोडायलाही मातीच. वर लाकडी तुळया, त्यांवर मातीचा धाबा. गळायला लागलं की दर पावसाळ्याआधी वर आणखी माती टाकायची, अशी पिढ्यान्पिढ्यांची रीत. एक घनफूट मातीचं वजन साधारण ४५ किलो धरा. दहा बाय बाराच्या खोलीवर फूटभर माती असेल, तर झोपलेल्या माणसांच्या वर साडेपाच टन ओझं आहे. किल्लारी परिसरात अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, पण भिंतींच्या दोन पाखा एकमेकींपासून सुटल्या आणि ढासळल्या.

अशा घरात राहत असाल तर तीन गोष्टी करता येतात आणि त्यांना घर पाडावं लागत नाही. पहिली, धाब्यावरची जादाची माती उतरवा. अर्ध्या-पाऊण फुटापर्यंत आणा आणि गळती थांबवायला मातीच्या थरात जाड प्लास्टिकचा कागद घाला. दुसरी, भिंतीच्या दोन पाखा एकमेकींना बांधा. किल्लारीनंतर मराठवाड्यात जी दुरुस्ती सांगितली गेली ती अशी: चार फुटांच्या अंतराने भिंतीतून सांभाळून आरपार भोक पाडायचं, त्यात दोन्ही टोकांना वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. नव्या भिंतीत हेच काम आरपार जाणारा लांब दगड करतो. तिसरी, झोपायची जागा बदला. पलंग दगडी भिंतीपासून दूर, दाराजवळ, शक्यतो पत्र्याच्या पडवीत आणा. हिला एक रुपयाही लागत नाही, म्हणून मी तिला पहिल्या दोनांपेक्षा वर ठेवीन.

डहाणू-तलासरीकडे कारवीच्या काठ्यांच्या, शेणामातीने लिंपलेल्या कुडाच्या भिंती असतात. कुडाचं घर गरिबीचं लक्षण मानून लोक विटांचं घर बांधू पाहतात आणि त्यात काही चूक नाही. पण कुडाची भिंत हलकी असते, वाकते, आणि पडली तरी माणूस तिच्याखालून उठून येऊ शकतो. खांब नसलेली, पट्टा नसलेली, कच्च्या सिमेंटची चार इंची विटांची भिंत त्याहून कितीतरी घातक आहे. पक्कं घर बांधायचं तर ते खरोखर पक्कं असावं.

त्यासाठी मिस्त्रीला काय सांगायचं? गावाकडे दार-खिडकीपुरता तुकड्याचा लिंटेल टाकतात. त्याऐवजी लिंटेलच्या पातळीवर घराच्या सर्व भिंतींवरून फिरणारा सलग काँक्रीटचा पट्टा घालायला सांगा, कोपऱ्यात सळया वळवून एकमेकींत अडकवलेल्या. जोत्यावर एक पट्टा आणि उतरतं छप्पर असेल तर छपराखाली आणखी एक. पाटीला दोरी गुंडाळली की ती फाकत नाही, तसंच हे. खिडकी-दार भिंतीच्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट आत घ्या. चारही कोपऱ्यांत पायापासून वरपर्यंत उभी सळई सोडा. दगडी बांधकाम असेल तर दर दोन फूट उंचीला, चार-चार फुटांवर, आरपार दगड हवा. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ४३२६ आणि आयएस १३८२८ या मानकांत हे सगळं दिलेलं आहे. घरकुलाचं काम चालू असेल तर अभियंत्याला या क्रमांकांसह विचारा. पायाचं काम चालू असताना विचारलेला प्रश्न फुकट असतो. छत पडल्यावर तोच प्रश्न लाखांचा होतो.

शहरातल्यांनी आपल्या इमारतीखाली उतरून बघावं. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली पार्किंगसाठी नुसते खांब, अशी रचना असेल तर तळमजला कमजोर असतो. २६ जानेवारी २००१च्या कच्छ भूकंपात केंद्रापासून २०० किलोमीटरपेक्षा दूर असलेल्या अहमदाबादेत अशाच रचनेच्या इमारती कोसळल्या. सोसायटीच्या पुढच्या सभेत रंगकामाआधी स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय घ्या. गच्चीवर नंतर ठेवलेल्या पाण्याच्या टाक्या, मोबाइलचा टॉवर, मागाहून चढवलेली खोली यांची नोंद त्या ऑडिटमध्ये झालीच पाहिजे.

घराच्या आतलं काम एका रविवारी होतं. लोखंडी कपाट भिंतीला पट्टीने आवळा. पाटा-वरवंटा, तेलाचे डबे, काचेच्या बरण्या सर्वांत खालच्या फळीवर आणा आणि वर हलके डबे ठेवा. पलंगावरची फोटोफ्रेम, घड्याळ, टांगलेली फळी काढा. देव्हाऱ्यातल्या समईची जागा कापडापासून आणि पडद्यापासून दूर असू द्या. सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला असावा.

अफवा आणि अंगणातली झोप

प्रत्येक धक्क्यानंतर फोनवर एक संदेश फिरतो: आज रात्री दोन वाजता मोठा भूकंप येणार आहे, अमुक संस्थेने सांगितलं आहे. भूकंपाची वेळ आणि जागा आधी सांगणं जगात आजवर कुणालाही जमलेलं नाही. ज्या संदेशात उद्याची वेळ दिली आहे, तो खोटा आहे. पुढे पाठवू नका, आणि पाठवणारा आपला मेहुणा असला तरी त्याला तसं सांगा. खरी माहिती राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून मिळते. ‘भूकंप’ नावाचं त्यांचं ॲप आहे. धक्का जाणवला की त्यावर आपला अनुभव नोंदवताही येतो. वेळ, किती सेकंद हललं, आवाज आधी आला की नंतर, काय पडलं, एवढं लिहून पाठवा. यंत्रं विरळ असलेल्या भागात अशा नोंदींना खरी किंमत असते.

दुसरा एक समज दिलासा देणारा आहे, म्हणून अधिक पसरतो. लहान लहान धक्क्यांनी जमिनीतला जोर निघून जातो, आता मोठा येणार नाही, असं म्हणतात. हिशोब करून बघू. तीव्रता एक अंकाने वाढली की ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते. किल्लारीच्या ६.२ इतकी ऊर्जा ३.५च्या धक्क्यांनी बाहेर टाकायची तर असे अकरा हजारांहून जास्त धक्के लागतील. जोर निघून जाण्याचा हिशोब जमत नाही. उलटा समजही तितकाच चुकीचा आहे. लहान धक्के म्हणजे मोठ्याची नांदी, असा नियम नाही. बहुतेक थवे जसे येतात तसेच विरतात.

मग रात्री बाहेर झोपायचं का? पालघरमध्ये प्रशासनाने तंबू दिले होते आणि लोक थंडीत लहान मुलांना घेऊन त्यांत राहिले. माझं मत असं: घर पक्कं असेल आणि पाहणीत वर सांगितलेली कुठलीही भेग दिसली नसेल, तर घरातच झोपा. पावसाळ्यात उघड्यावर साप-विंचवाचा धोका भूकंपापेक्षा रोजचा आणि खरा असतो. घर माळवदाचं किंवा पोट आलेल्या दगडी भिंतीचं असेल, तर जाणवण्यासारखे धक्के चालू असेपर्यंत पडवीत, पत्र्याच्या शेडमध्ये किंवा शाळेच्या पक्क्या खोलीत झोपा. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या थंडीची सोय आधी करा, मग जागेचा विचार. रात्र रात्र जागणाऱ्या मुलांशी बोलावंही लागतं. काही होणार नाही, असं खोटं सांगू नका. हललं की आपण काय करायचं ते त्यांच्याकडून करून घ्या. करायला काही असलं की भीती आवाक्यात येते.

कागद

नुकसान झालं तर त्याच दिवशी तलाठ्याला आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा आणि पंचनामा होईपर्यंत पडलेली भिंत उचलू नका. धोका असल्यामुळे उचलावीच लागली तर आधी सर्व बाजूंनी फोटो काढा, फोटोत घराची ओळख पटेल असं काहीतरी येऊ द्या. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. घर अंशतः पडलं की पूर्ण, या एका शब्दावर मदतीची रक्कम ठरते. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि कुठल्याही तातडीसाठी ११२. हे तीन आकडे दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. घराचा विमा घेणार असाल तर एप्रिल २०२१पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी मिळते आणि तिच्यात भूकंपाचं संरक्षण धरलेलं आहे. गृहकर्ज चालू असलेल्यांनी आपली पॉलिसी कोणती आहे आणि तिच्यात भूकंप आहे का, हे बँकेकडून लेखी मागून घ्यावं.

शेवटी पुन्हा किल्लारीकडे जावं लागतं. १९९३च्या आधी किल्लारीला सूचना मिळाली नव्हती असं नाही. १९९२च्या पावसाळ्यापासून तिथे लहान धक्के आणि आवाज सुरू झाले होते. १८ ऑक्टोबर १९९२चा धक्का तर चांगलाच जाणवला होता. लोक घाबरले, घराबाहेर राहिले, बातम्या आल्या. १९९३च्या वसंतापर्यंत धक्के ओसरत गेले आणि माणसं घरांत परतली. धाब्यावरची माती तेवढीच होती, भिंतीच्या पाखा तशाच सुट्या होत्या. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटं असताना, सगळे झोपेत होते. सरकारी नोंदींनुसार जवळजवळ आठ हजार माणसं गेली, काही नोंदी दहा हजारांच्या जवळ जातात. तो मोठा भूकंप येणार हे तेव्हा कुणीच सांगू शकत नव्हतं, आजही नाही. पण माती उतरवायला आणि पलंग हलवायला मधे सहा महिने मिळाले होते.

तुमच्या गावात धक्के बसून गेले असतील आणि आता बरेच दिवस जमीन शांत असेल, तर दुरुस्तीचा काळ हाच आहे. येत्या रविवारी शिडी लावून वर चढा.